मुलांची वाढलेली पांथरी, रक्ताची उलटी आणि पोर्टल शिरेची डॉपलर तपासणी (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पालकांसाठी)

ध्वनिलहरी (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात सोनोग्राफी करणारा डॉक्टर. हा विषय इथं मांडायचं बरेच दिवस मनात होतं. आपल्या भागात तो फारसा कुणाला ठाऊक नाही आणि त्याचा त्रास लहान मुलांना होतो.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातून, अथणी-कागवाडकडून, पलीकडच्या चंदगडहून मुलं येतात. 'रक्त कमी' म्हणून लोहाचं औषध चालू असतं. पांथरी (प्लीहा) हाताला लागते म्हणून मलेरिया, टायफॉइड, थॅलेसेमिया सगळं तपासून झालेलं असतं. पावसाळ्यात प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यूचा शिक्का बसतो. फायलीत सोनोग्राफीचे रिपोर्टही असतात आणि त्यांत एक ओळ असते: यकृत नॉर्मल, प्लीहा वाढलेली. पोर्टल शिरेबद्दल अक्षरही नाही. मग एखाद्या रात्री, साध्या तापाचं निमित्त होऊन, मूल रक्ताची मोठी उलटी करतं आणि तेव्हा कुठं खरा आजार सापडतो.

त्याचं नाव यकृताबाहेरील पोर्टल शिरेचा अडथळा. डॉक्टर लोक 'ईएचपीव्हीओ' म्हणतात. भारतात लहान मुलांमध्ये पोर्टल शिरेतला दाब वाढण्याचं आणि अन्ननलिकेतून भरपूर रक्त जाण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. आतड्यांकडून आणि पांथरीकडून येणाऱ्या शिरा स्वादुपिंडाच्या मागं एकत्र येतात, तिथून पोर्टल शीर सुरू होते आणि यकृतात शिरते. यकृताला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे तीन चतुर्थांश रक्त हीच पुरवते. लहानपणी कधीतरी ती गुठळीनं बंद पडते. शरीर तिच्याभोवती नागमोडी, बारीक शिरांचं जाळं उभं करतं, त्याला कॅव्हरनोमा म्हणतात. पण ते जाळं पुरं पडत नाही. दाब मागं साचतो, पांथरी वाढते, आणि रक्त अन्ननलिका-जठराच्या शिरांतून हृदयाकडं वाट काढतं. त्या शिरा फुगून पातळ होतात आणि फुटतात.

यकृत मात्र चांगलं असतं. कावीळ नसते, बिलिरुबिन नॉर्मल येतं, मूल शाळेत जातं, खेळतं. फसगत होते ती इथंच.

माझं म्हणणं असं आहे: ज्या मुलाची पांथरी वाढलेली आहे, किंवा ज्याला रक्ताची उलटी अथवा काळी कुळकुळीत चिकट शौच झाली आहे, त्याची पोर्टल शीर नाव घेऊन डॉपलरनं (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीनं) पाहिली गेली पाहिजे. आणि रिपोर्टात तिच्याबद्दल स्वतंत्र वाक्य आलं पाहिजे. सोनोग्राफीला पाठवणाऱ्या चिठ्ठीवर 'पोट दुखतं' एवढंच लिहिलं असेल तर बघणारा किडनी, पित्ताशय, अपेंडिक्स बघून मोकळा होतो. चिठ्ठीवर प्रश्न लिहिलेला असला की तपासणी बदलते.

प्रश्न असतील तर विचारा. फोटो, नाव, पत्ता टाकू नका. इथं निदान करता येत नाही, पण काय विचारायचं आणि कुणाला, हे सांगता येतं.

---

मलप्रभाकाठ (खानापूर)

डॉक्टर, मी प्राथमिक शाळेत शिकवतो. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, वयाच्या मानानं फार बुटकी. पोट पुढं आलेलं. घरचे म्हणतात जंत आहेत. दर सहा महिन्यांनी शाळेत जंताची गोळी मिळतेच, तरी पोट तसंच. ही अशीच केस असू शकते का? घरच्यांना घाबरवायचं नाही, पण गप्पही राहवत नाही.

---

ध्वनिलहरी

गुरुजी, असू शकते, नसूही शकते. पोट पुढं येण्याची कारणं पुष्कळ आहेत. पण वाढ खुंटणं हे या आजारात दिसतं हे खरं. आतड्यांतलं रक्त यकृताला टाळून पुढं जातं, वाढीच्या संप्रेरकांच्या कामावर परिणाम होतो, वर रक्तक्षय असतो.

आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली हात घालून बघू दे. पांथरी लागली तर पुढची तपासणी. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा त्यांनाच दाखवा, म्हणजे घरच्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही. आणि तोवर तिला कबड्डी, लंगडी, ढकलाढकलीचे खेळ नकोत. वाढलेली पांथरी बरगडीबाहेर आलेली असते, पोटावर जोरात मार बसला तर फाटू शकते.

---

वडगावचा

नमस्कार डॉक्टरसाहेब. आमचा पोरगा ९ वर्षांचा. मागच्या वर्षी शाळेतनं आल्यावर दोनदा रक्त ओकला. आम्ही माग चालवतो, हातातलं काम टाकून पळालो. दवाखान्यात रक्त चढवलं, चार दिवसांनी घरी सोडलं. अल्सर हाय म्हणाले. गोळ्या दिल्या. दुर्बीण घातली न्हाई. सोनोग्राफी झाली त्यात 'स्प्लीन १४ सेंटीमीटर' लिहिलंय. आता बरा हाय. परत तपासायला पायजे काय?

---

ध्वनिलहरी

होय दादा, तपासायलाच पाहिजे, आणि लवकर. बरा दिसतो म्हणून थांबू नका.

९ वर्षांच्या मुलाची पांथरी साधारण १० ते ११ सेंटीमीटरच्या आत असते. १४ म्हणजे नक्की वाढलेली. सहा वर्षांच्या मुलात साडेनऊच्या पुढं गेली तरी आम्ही लक्ष देतो. मोठ्या माणसाचं माप डोक्यात ठेवून मुलाची पांथरी मोजली की 'थोडीशीच मोठी' वाटते, ही चूक बऱ्याच ठिकाणी होते. शिवाय एवढ्या लहान मुलाला अल्सरनं रक्त ओकावं हे होतं, पण पांथरी वाढलेली असताना पहिला संशय पोर्टल शिरेवर घ्यायचा.

जुने सगळे कागद घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडं जा. चिठ्ठीवर त्यांच्याकडून हे लिहून घ्या: 'रक्ताची उलटी झालेली, प्लीहा वाढलेली. पोटाची सोनोग्राफी आणि पोर्टल, स्प्लेनिक व मेसेंटेरिक शिरांचा कलर डॉपलर. कॅव्हरनोमा आहे का?' एवढं पुरे. स्प्लेनिक म्हणजे पांथरीची शीर, मेसेंटेरिक म्हणजे आतड्याची.

पोरगा आदल्या रात्री नेहमीसारखा जेवू दे. सकाळी ५-६ तास काही खायचं नाही. खाल्ल्यावर आतड्यात हवा होते आणि मागची शीर दिसत नाही. जेवणानंतर पोर्टल शिरेतला प्रवाहही वाढतो, मग मापं चुकतात. घोटभर पाणी चालतं. तान्ह्या बाळाला एवढं उपाशी ठेवायचं नसतं, दोन-तीन तास, म्हणजे पुढच्या दुधाच्या वेळेला आलं तरी चालतं.

---

बालवैद्य

वडगावच्या दादांसाठी अजून एक, आणि हे आजपासूनच. ताप आला तर पॅरासिटामॉलच द्या. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, मेडिकलमधून मिळणारी 'ताप-अंगदुखीची' जोडगोळी, काही देऊ नका. या औषधांनी जठराला इजा होते आणि प्लेटलेटही नीट काम करत नाहीत, म्हणून या मुलांत ताप आणि वेदनाशामक गोळी यांच्या पाठोपाठ रक्तस्राव होताना दिसतो. गोळीच्या पट्टीवरचं नाव वाचता येत नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा.

परत रक्ताची उलटी झालीच तर लिंबू-सरबत, बर्फ, काही न पाजता थेट मोठ्या दवाखान्यात. कुशीवर झोपवून न्या. जुनी फाईल बरोबर असू दे.

---

अभियंता_उद्यमबाग

एक तांत्रिक शंका. साध्या सोनोग्राफीत शीर काळी पोकळी म्हणून दिसतेच ना? मग डॉपलर वेगळं काय सांगतं?

---

ध्वनिलहरी

चांगला प्रश्न. साध्या राखाडी चित्रात भिंती आणि पोकळी दिसते, रक्त वाहतंय की थांबलंय ते कळत नाही. ताजी गुठळी तर कित्येकदा रक्तासारखीच काळी दिसते. म्हणजे शीर उघडी आहे असं वाटतं आणि आत ती पूर्ण भरलेली असते. ख्रिश्चन डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १८४२ मध्ये प्राग इथं जे तत्त्व मांडलं, की लहरींचा स्रोत जवळ येतो वा लांब जातो तशी वारंवारता बदलते, तेच इथं रक्तपेशींना लावतात. रक्त कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं जातं ते कळतं.

निरोगी पोर्टल शिरेत रक्त यकृताकडं सतत वाहतं, श्वासागणिक हलकी चढउतार होते, वेग साधारण सेकंदाला १६ ते ४० सेंटीमीटर. शिरेची रुंदी दहा वर्षांखालच्या मुलात सुमारे साडेआठ मिलिमीटरपर्यंत, त्यापुढं वीस वर्षांपर्यंत १० मिलिमीटरपर्यंत, मोठ्या माणसात १३.

आता तुमच्या कामाची गोष्ट. वेग मोजताना ध्वनिकिरण आणि प्रवाह यांच्यातला कोन ६० अंशांच्या आत हवा. त्यापुढं कोनात जरा चूक झाली तरी वेगाचं माप भलतंच येतं. ९० अंशांना तर प्रवाह असूनही रंग दिसत नाही. दुसरं, यंत्राची वेगपट्टी. ती जलद धमनीसाठी वर ठेवलेली असेल तर शिरेतला संथ प्रवाह यंत्र दाखवतच नाही आणि उघड्या शिरेला 'गुठळी' असा रिपोर्ट जाऊ शकतो. म्हणून पट्टी खाली आणायची, फिल्टर कमी करायचा, रंगाची संवेदनशीलता वाढवायची, आणि मूल रडत असेल तर थांबायचं. रडणाऱ्या मुलाच्या पोटात सगळंच हलतं. आईच्या मांडीवर, हातात मोबाईल देऊन, खोली कोमट ठेवून, जेलही कोमट करून बसलं की पंधरा मिनिटांत जे दिसतं ते घाईत तासाभरात दिसत नाही. माझ्या मते मुलांच्या डॉपलरमध्ये यंत्राच्या किमतीपेक्षा बघणाऱ्याचा धीर जास्त कामाला येतो.

कॅव्हरनोमा झालेल्या मुलात यकृताच्या दारात नेहमीची सरळ नळी सापडत नाही. तिच्या जागी नागमोडी पोकळ्यांचा पुंजका असतो. रंग लावला की तो भरतो, आणि प्रवाह संथ, सपाट, श्वासानं न हलणारा असतो. रंग न लावता बघितलं तर हा पुंजका फुगलेल्या पित्तनलिकांसारखा भासतो. तशा रिपोर्टवर मूल पित्ताच्या आजाराच्या वाटेला लागतं.

---

निपाणीकरीण

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. माझ्या भाचीला हाच आजार. आम्हाला समजवताना कोल्हापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं: २०१९ ला आणि २०२१ ला वेदगंगेला पूर येऊन यमगर्णीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा गाड्या गावागावांच्या बोळांतनं निघाल्या, बोळ भरले, भिंती पडायची वेळ आली. तसंच रक्ताचं. तेव्हापासून घरात आजीलासुद्धा आजार पाठ आहे.

पण आमची वर्षं वाया गेली होती. आधीच्या एका ठिकाणी 'लिव्हर खराब झालंय' असं सांगितलेलं. आठ वर्षांच्या पोरीचं लिव्हर! घरात कुणाच्या तोंडात घास जाईना. माझ्या वहिनीनं सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस केला, शेजारणी म्हणाल्या बाहेरचं काहीतरी आहे. नंतर डॉपलर झाला, यकृत धडधाकट आहे हे कळलं, तेव्हा वहिनी तिथंच रडली.

डॉक्टर, यकृत चांगलं की वाईट हे सोनोग्राफीत कळतं का?

---

ध्वनिलहरी

ताई, बऱ्यापैकी कळतं. सिरोसिसमध्ये (यकृत खराब होऊन कडक होतं तो आजार) यकृताचा पृष्ठभाग खडबडीत, पोत भरड, कडा बोथट होतात. ईएचपीव्हीओमध्ये यकृत गुळगुळीत असतं, फार तर थोडं लहान. इलास्टोग्राफी असेल तर यकृताचा कडकपणा नॉर्मल किंवा जरासा जास्त येतो, पांथरीचा मात्र बराच वाढलेला असतो.

अजून एक खूण आम्ही बघतो. सिरोसिसमध्ये नाळेच्या जुन्या शिरेची वाट कित्येकदा पुन्हा उघडते, कारण दाब यकृताच्या आत, डाव्या पोर्टल फांदीत असतो. यकृताबाहेर अडथळा असेल तर त्या फांदीत दाबच नसतो, म्हणून ती वाट सहसा उघडत नाही. त्याऐवजी जठराच्या डाव्या बाजूची शीर, पांथरीकडून डाव्या किडनीकडं जाणाऱ्या वाटा, पित्ताशयाच्या भिंतीतल्या शिरा फुगलेल्या दिसतात.

आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या तीन हिपॅटिक शिरा उघड्या आहेत हे प्रत्येक वेळी बघायचं. त्या बंद असतील तर तो बड-कियारी नावाचा वेगळा आजार. त्याचे उपचार वेगळे, आणि तिथं यकृत खरंच धोक्यात असतं.

---

रानजाई (जांबोटी)

मी आशा म्हणून काम करते. नाळेचा विषय निघाला म्हणून विचारते. बाळंतपण आता दवाखान्यातच होतं, पण घरी आल्यावर म्हाताऱ्या बायका नाळेला हळद-तेल, राख, कुठं कुठं शेणसुद्धा लावतात. त्यानं हा आजार होतो का?

---

बालवैद्य

अक्का, तुमच्यासारख्या बायका हे विचारतात म्हणून बरं वाटतं.

नाळेला जंतुसंसर्ग झाला तर तो नाळेच्या शिरेवाटे थेट डाव्या पोर्टल फांदीपर्यंत पोचू शकतो, तिथं गुठळी होऊ शकते. जन्मल्यावर अतिदक्षता विभागात नाळेतून नळी घातलेली बाळं, जंतुदोष झालेली, पाणी कमी पडलेली बाळं, यांच्यातही धोका असतो. मोठ्या मुलांत पोटातला पू, अपेंडिक्स फुटणं, पोटाची शस्त्रक्रिया, रक्त लवकर गोठण्याचे आनुवंशिक दोष. पण खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त मुलांत शोधूनही कारण सापडत नाही. म्हणून एखाद्या आईला 'तू नाळेला हळद लावलीस म्हणून झालं' असं कधीही म्हणू नका. पुढच्या बाळासाठी मात्र सांगा: नाळ कोरडी ठेवायची, काहीही लावायचं नाही, लंगोट नाळेच्या खाली बांधायचा, देठ लाल झाला, वास आला, पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना.

रक्त गोठण्याच्या तपासण्यांबद्दलही सांगतो, कारण पालक त्यावर फार पैसे घालवतात. प्रोटीन सी, प्रोटीन एस ही यकृतात तयार होतात आणि या आजारात यकृताला रक्त कमी मिळाल्यानंही कमी येतात. एकच आकडा बघून 'आनुवंशिक दोष' असं ठरवता येत नाही. कोणाच्या कशा करायच्या हे तज्ज्ञाला ठरवू द्या.

---

शहापूरकर

सोनोग्राफीच्या भानगडीत पडण्यापेक्षा सरळ सीटी स्कॅन करून घ्यावा. पुण्याला माझ्या साडूच्या मुलाचा केला, सगळं एका फटक्यात दिसलं.

---

ध्वनिलहरी

साहेब, सीटीनं छान दिसतं यात वाद नाही. पण सीटीत किरणोत्सर्ग आहे, शिरेतून औषध सोडावं लागतं, लहान मुलाला झोपवावं लागतं. या मुलांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बघावं लागतं, प्रत्येक वेळी सीटी करणं बरोबर नाही. निदानासाठी अनुभवी हातातला डॉपलर बहुतेक वेळा पुरतो. शस्त्रक्रिया ठरली की सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी (एमआरआय यंत्रावर शिरांची तपासणी) करून शिरांचा नकाशा घ्यावा लागतोच, तो तेव्हा घ्यावा. पित्तनलिकांवर दाब आलाय अशी शंका असेल तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. कॅव्हरनोमाच्या शिरा पित्तनलिकेला चिकटून असल्यानं वय वाढेल तशी ही गुंतागुंत दिसू लागते.

गावात शिबिर लावून डॉपलर करा असंही काही जण सुचवतात. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळं सोनोग्राफी यंत्र नोंदणी केलेल्या जागेबाहेर सहज नेता येत नाही. कायदा योग्य आहे, मुलींसाठीच आहे. त्यामुळं मुलालाच केंद्रावर आणावं लागतं.

---

चंदगडी

आमच्या भावकीत एका पोराची पांथरी काढून टाकायची असं ठरलंय. प्लेटलेट ४० हजारांवर आल्यात म्हणून. बाकी रक्त कधी ओकला न्हाई. काढली की बरा हुईल म्हणं. काय करावं?

---

बालवैद्य

काका, थांबा. आधी पोर्टल शीर डॉपलरनं बघितली आहे का ते विचारा. बघितली नसेल तर ऑपरेशनची घाई करू नका.

निदान ईएचपीव्हीओ असेल तर नुसती पांथरी काढणं हा बहुतेक वेळा चुकीचा रस्ता आहे. प्लेटलेट वाढतील, पण अन्ननलिकेतला दाब राहतो. पांथरीची शीर पुढं जोडशस्त्रक्रियेसाठी लागते, ती पांथरी काढल्यावर गोठून जाते आणि दार बंद होतं. जन्मभर न्यूमोकोकससारख्या जंतूंचा गंभीर धोका राहतो. कधी कधी पांथरी काढावीच लागते, पण तेव्हा शीर किडनीच्या शिरेला जोडण्याबरोबर, आणि आधी लसी देऊन.

बेल्जियममध्ये ज्यां द व्हिल द ग्वाये यांनी १९९२ मध्ये वेगळी शस्त्रक्रिया केली, मेसो-रेक्स बायपास. आतड्याची शीर गळ्यातल्या शिरेचा तुकडा वापरून थेट यकृतातल्या डाव्या पोर्टल फांदीला जोडतात. रक्त पुन्हा यकृतातूनच जातं. सगळ्यांना होत नाही, डावी फांदी उघडी असावी लागते. म्हणून डॉपलर करणाऱ्यानं ती जागा बघून 'उघडी' की 'बंद' लिहिलं तर सर्जनला मोठी मदत होते.

---

ध्वनिलहरी

बरोबर. पालकांनी रिपोर्टात पाच गोष्टी शोधाव्यात: मुख्य पोर्टल शीर उघडी की बंद, डावी-उजवी फांदी, पांथरीची आणि आतड्याची शीर, हिपॅटिक शिरा, पांथरीचं माप. यातलं काही राहिलं असेल तर त्याच केंद्रात परत जाऊन विनंती करा. चांगला डॉक्टर राग मानत नाही.

---

निपाणीकरीण

अजून एक. माझ्या नणंदेच्या ओळखीत एक मुलगा आहे, पांथरी नॉर्मल, कधी रक्त नाही, पण सारखा गुंगीत असतो, अभ्यासात मागं पडला, रक्तात अमोनिया वाढलाय म्हणतात. त्याचाही संबंध पोर्टल शिरेशी असू शकतो का?

---

ध्वनिलहरी

ताई, असू शकतो, आणि हे ओळखणं अवघड असतं. काही मुलांत पोर्टल शीर जन्मापासूनच चुकीच्या ठिकाणी, थेट खालच्या महाशिरेला जोडलेली असते. लंडनचे सर्जन जॉन अ‍ॅबरनेथी यांनी १७९३ मध्ये दहा महिन्यांच्या मुलीत अशी रचना पाहून लिहून ठेवली, म्हणून अ‍ॅबरनेथी विकृती म्हणतात. इथं अडथळा नसतो, आडवाट असते. दाब वाढत नाही म्हणून पांथरी मोठी होत नाही. आतड्यातला अमोनिया यकृतात न जाता थेट मेंदूपर्यंत पोचतो. काहींना ओठ-नखं निळसर दिसतात, धाप लागते, यकृतात गाठी होतात.

डॉपलर करताना पोर्टल शीर फार बारीक दिसली किंवा सापडलीच नाही, आणि कॅव्हरनोमाही नाही, तर महाशिरेकडं जाणारा जोड शोधायचा. त्या मुलाला लहान मुलांचे यकृततज्ज्ञ असलेल्या मोठ्या केंद्रात न्यायला सांगा. काही जोड बंद करता येतात.

---

मलप्रभाकाठ (खानापूर)

खर्चाचं काय? आमच्याकडच्या आईबापांना पहिला प्रश्न तोच.

---

बालवैद्य

गुरुजी, डॉपलरपेक्षा एन्डोस्कोपीचा (तोंडातून दुर्बीण घालून तपासणीचा) खर्च मोठा, कारण ती पुन्हा पुन्हा लागते. फुगलेल्या शिरांना रबरी रिंग घालतात, अगदी लहान मुलात रिंगचं उपकरण जात नाही म्हणून इंजेक्शन देतात. शिरा नाहीशा होईपर्यंत काही आठवड्यांच्या अंतरानं, नंतर वर्षा-सहा महिन्यांनी नुसतं बघायला. काहींना शिरांतला दाब कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषधही देतात.

कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल रेशनकार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएल असेल तर खर्चाच्या ३० टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत. बहुतेक उपचारांना सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, ती आधी घ्या. मराठीत बोलून अडत असेल तर कन्नड येणारं कुणीतरी बरोबर न्या, भाषेमुळं चिठ्ठी चुकीची व्हायला नको. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला. तुमच्या गावाला आणि तुमच्या उपचाराला ती कुठल्या रुग्णालयात चालते हे निघण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला फोन करून विचारा. कोल्हापूर-मिरजेला पोचल्यावर कळणं परवडत नाही.

---

वडगावचा

डॉक्टरसाहेब, केला डॉपलर. लिहून आणलंय: मुख्य पोर्टल शीर दिसत नाही, कॅव्हरनोमा. डावी फांदी बारीक पण उघडी. पांथरीची शीर आणि आतड्याची शीर उघडी. हिपॅटिक शिरा नॉर्मल. यकृत नॉर्मल. प्लीहा १४.६. माझी आई विचारतेय, ही गाठ हाय काय? कॅन्सर?

---

ध्वनिलहरी

नाही दादा. आईंना सांगा, ही गाठ नाही, कॅन्सर नाही, शिरांचं जाळं आहे. यकृत चांगलं आहे, आणि डावी फांदी उघडी आहे ही फार उपयोगाची गोष्ट. रिपोर्ट नीट केलेला आहे.

आता एन्डोस्कोपी, जितकी लवकर मिळेल तितकी. एकदा रक्तस्राव झालेला आहे, त्यामुळं शिरांना रिंग घालावी लागेल असं धरून चला. नंतर एकदा अशा केंद्रात दाखवा जिथं मुलांचे यकृत-सर्जन आहेत, बेंगळुरू, पुणे, मुंबई, जिथं तुमची सोय होईल तिथं. जाताना कागदी रिपोर्टबरोबर सोनोग्राफीची चित्रं सीडीवर मागून घ्या, मोबाईलवर काढलेले फोटो चालत नाहीत.

---

बालवैद्य

शाळेत कळवून ठेवा: पोटावर मार बसणारे खेळ नकोत, बाकी शाळा, पळणं, सायकल हळूहळू चालेल. लसीकरणाचं कार्ड घेऊन या, राहिलेल्या लसी बघू. आणि गोळ्यांचं सांगितलेलं लक्षात आहे ना?

---

वडगावचा

हाय लक्षात, मेडिकलवाल्यालाबी सांगून ठेवलंय. एन्डोस्कोपीला गुरुवार मिळालाय. रेफरल चिठ्ठी सरकारी दवाखान्यातनं आजच घेतली, रेशनकार्ड जोडलंय. रात्रीपासनं उपाशी ठेवायचं की सकाळपासनं?

---

बालवैद्य

जेवण आदल्या रात्री, त्यानंतर काही खायचं नाही. पाणी किती वाजेपर्यंत चालेल हे भूल देणारे डॉक्टर सांगतील, त्यांना बुधवारीच फोन करा. रक्ताचा गट माहीत असेल तर फाईलवर पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि त्या दिवशी घरचं दुसरं माणूस बरोबर असू दे, रक्त आणायला पळावं लागलं तर.